मासा ते माणूस: बडोद्यात राहून पोरांना उत्क्रांती कशी दाखवायची

दहावीच्या एनसीईआरटीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आधी आनुवंशिकता आणि उत्क्रांती असा धडा होता, आता त्यात नुसती आनुवंशिकता राहिलीये. म्हणजे अकरावी-बारावीला बायोलॉजी न घेणारं पोरगं शाळेतून बाहेर पडेपर्यंत आपण कुठून आलो हे नीट ऐकणारच नाही. मला हे फार लागतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. आईबाबा, मामा, मावशी, सोसायटीतली कोणी ताई, कोणालाही हे करता येईल, डिग्री लागत नाही. आणि बडोद्यात राहणाऱ्याला तर हे सगळं हाताशी आहे, कमाटीबाग आहे, म्युझियम आहे, विश्वामित्री नदीत मगरी आहेत, पावागड आहे, डायनासोरच्या जीवाश्मांचं बालासिनोर गाडीनं दोनेक तासांवर आहे.

सगळ्यात आधी ते चित्र डोक्यातून काढा. तेच, डावीकडे वाकलेलं माकड, मग जरा कमी वाकलेलं, मग भाला घेतलेला केसाळ माणूस, मग आपण. त्या चित्रानं जेवढा गोंधळ घातलाय तेवढा कशानंच घातला नसेल. उत्क्रांती ही अशी रांग नाहीये. त्याऐवजी घरातला कुलवृत्तांत काढा. आपल्याकडे गायकवाडांबरोबर आलेली, नाहीतर नंतर सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीला आलेली किती घरं आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांकडे कपाटात कुलवृत्तांत असतो. पोराला त्यात स्वतःचं नाव शोधायला लावा, मग पुण्याच्या किंवा सांगलीच्या एखाद्या लांबच्या चुलतभावाचं, आणि दोन्ही नावांवर बोट ठेवून वर वर जायला सांगा, जिथे दोन्ही बोटं एकत्र येतात तो दोघांचा सामाईक पूर्वज. बास, सगळी उत्क्रांती याच नजरेनं बघायची. चिंपांझी आपला आजोबा नाही, चुलतभाऊ आहे. आपण आणि तो, दोघांचा पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत होता आणि तो ना माणूस होता ना आजचा चिंपांझी. "मग माकडं अजून माकडंच कशी राहिली" हा प्रश्न दर वेळी येतो, त्याचं उत्तर पण इथेच आहे. सांगलीचा चुलतभाऊ अजून सांगलीतच आहे म्हणून तुम्ही बडोद्यात जन्मला नाहीत असं होत नाही.

आता काळ. कोटी, लाख हे आकडे नुसते बोलून काही उपयोग नाही, पोरं मान हलवतात आणि विसरतात. सुतळीचा मोठा गुंडा आणा, ५२ मीटर लागेल. हिशोब असा की १ सेंटीमीटर म्हणजे १ लाख वर्षं, म्हणजे १ मीटर म्हणजे १ कोटी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावली नाही तर नवलखी मैदानावर जा, नाहीतर दोन-तीन वळणं घेऊन टाका. एका टोकाला आज, दुसऱ्या टोकाला ५२ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र. तिथे एक चिठ्ठी लावा, हायकोइक्थिस, चीनच्या युन्नान प्रांतात चेंगजियांगला सापडलेला बोटाच्या पेराएवढा जीव, जबडा नाही, हाडं नाहीत, पण डोकं आहे, कल्ले आहेत आणि पाठीत आधाराची दांडी आहे. पृष्ठवंशी प्राण्यांच्या अगदी सुरुवातीच्या गोतावळ्यातला हा.

तिथून आजच्या दिशेनं चालत या, मीटर मात्र आजच्या टोकापासून मोजा. साधारण ४२ मीटरवर जबडे असलेले मासे. ३७.५ मीटरवर टिकटालिक, त्याच्याबद्दल खाली सांगतो. ३१ च्या आसपास पहिले असे प्राणी ज्यांना अंडी घालायला पाण्यात जावं लागत नव्हतं. २५ मीटरवर मोठी लाल चिठ्ठी लावा, पर्मियन नावाच्या कालखंडाच्या शेवटी झालेला विनाश, समुद्रातल्या बहुतेक जाती तेव्हा संपल्या. २३ च्या आसपास डायनासोर सुरू, ६.६ मीटरवर संपले (पक्षी सोडून). आणि इथे थांबून पोरांना एक गोष्ट नक्की सांगा, सस्तन प्राणी डायनासोर गेल्यावर आले असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये, छोटे छोटे सस्तन आणि त्यांचे जवळचे नातेवाईक डायनासोरांच्या पायाखालून पंधरा-सोळा मीटर सुतळीभर वावरत होते. मग ६०-७० सेंटीमीटरवर आपली आणि चिंपांझीची फाटाफूट. ३२ सेंटीमीटरवर लूसी, दोन पायांवर चालणारी आपली जुनी नातेवाईक, तिच्याबद्दलही खाली सांगतो. शेवटच्या ३ सेंटीमीटरमध्ये आपण, होमो सेपियन्स. शेती म्हणजे शेवटचा १ मिलिमीटर. सयाजीराव महाराजांची अख्खी कारकीर्द या सुतळीवर डोळ्याला दिसणारसुद्धा नाही. आणि पृथ्वीचा जन्म दाखवायचा असेल तर सुतळी ४५४ मीटर लागेल, ते नुसतं सांगा.

यानंतर हाडं. माझ्या मते सगळ्यात भारी भाग हाच आहे आणि यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या.

जे खातात त्यांनी चिकनवाल्याकडून विंग आणताना टोकासकट अख्खी मागायची, टोक बरेचदा कापून टाकतात ते कापू द्यायचं नाही. चांगली उकडायची, मांस काढायचं, हाडं ब्रशनं साफ करून काळ्या कागदावर जशी होती तशी मांडायची. आता पोराला स्वतःचा हात शेजारी ठेवायला सांगा. खांद्यापासून कोपरापर्यंत एक हाड, कोंबडीलाही एक. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं, कोंबडीलाही दोन. मग मनगटाची छोटी हाडं, मग बोटं, कोंबडीच्या पंखात तीन बोटं आहेत, अर्धवट एकमेकांत मिसळलेली. एक, दोन, बरीच छोटी, मग बोटं. हा क्रम पाठ करून घ्या कारण आता तो सगळीकडे दिसणार आहे, बेडकात, पालीत, वटवाघळात, कुत्र्यात, देवमाशात. उडायला, पळायला, पोहायला, खोदायला वेगवेगळी अवयवं लागतात ना, मग सगळ्यांत आतला आराखडा एकच का? कारण सगळ्यांनी तो एकाच पूर्वजाकडून घेतलाय.

तो पूर्वज म्हणजे मासा, पण कुठलाही मासा नाही. पापलेट उघडून बघाल तर त्याच्या परात हे एक-दोन हाडांचं गणित नाही सापडणार. ते आहे लंगफिशमध्ये आणि सीलाकँथमध्ये, ज्यांचे पर मांसल, हाडाचे असतात. सीलाकँथ डायनासोरांबरोबरच संपला असं सगळे धरून चालले होते आणि १९३८ ला दक्षिण आफ्रिकेत जिवंत पकडलेला मिळाला. आता टिकटालिक. जीवाश्मांचे अभ्यासक नील शुबिन आणि त्यांच्या टीमनं आधी विचार केला की ३८ कोटी वर्षांच्या आधी नुसते मासे दिसतात, ३६ कोटींच्या आसपास पाय असलेले प्राणी दिसतात, म्हणजे मधला प्राणी ३७-३८ कोटी वर्षं जुन्या, नदीच्या गाळाच्या खडकात असला पाहिजे. नकाशात तसे खडक शोधले, कॅनडाच्या उत्तरेला एल्समेअर बेटावर गेले, काही वर्षं हात हलवत परत आले, आणि २००४ ला तो सापडला. अंगावर खवले, कल्ले, पर, हे सगळं माशाचं, पण मान वळते आणि परात एक हाड, दोन हाडं, मनगट. कुठल्या काळाच्या कुठल्या खडकात काय मिळेल हे आधी सांगून मग ते काढून दाखवणं, हे पोरांना नीट समजावून सांगा, उत्क्रांती हे "कोणी काय मानतं" असं प्रकरण नाही हे त्यांना यातून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातून कळत नाही. बोटं पाचच का असंही विचारतील, सुरुवातीला पाच नव्हतीच, अकँथोस्टेगा या सुरुवातीच्या चार पायांच्या प्राण्याला एका पायाला आठ होती, पाच नंतर ठरली.

दुसरं हाड बकऱ्याचं. मटणवाल्याला मागच्या पायाच्या घोट्यातलं हाड मागा, पाये तोडताना ते निघतं, नीट सांगितलं तर अख्खं देतात. आधी पोराला विचारा बकऱ्याचा मागचा गुडघा उलटा का वाकतो. तो गुडघा नाहीच, तो घोटा आहे, खरा गुडघा वर पोटाजवळ असतो, बकरा बोटांच्या टोकांवर उभा असतो, त्याचे खूर म्हणजे आपली मधली दोन बोटं. घोट्यातलं हे हाड स्वच्छ केल्यावर दिसेल की त्याला वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच आहे. अशी दोन्हीकडे खाच फक्त बकरा, गाय, हरीण, डुक्कर, उंट या दोन खुरी गोतावळ्यात असते, आपल्याला नाही, घोड्याला नाही, कुत्र्याला नाही. हे हाड धुऊन वाळवून डबीत ठेवा, ते घेऊन आपल्याला कमाटीबागेत जायचंय.

जे खात नाहीत त्यांनी हे सोडलं तरी चालेल, थेट म्युझियमला या, तिथे भरपूर आहे.

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये पोरं ममीकडे पळतात, पळू द्या, पण मग त्यांना निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी आणा, महीच्या मुखात वाहून आलेला तो. घाई करू नका. पुढच्या पराकडे बघा, बाहेरून वल्ह्यासारखा वाटणारा तो पर आतून हात आहे, एक हाड, दोन हाडं, मनगट, बोटं. मानेचे मणके मोजायला सांगा, सात असतात, आपल्याला सात, जिराफाला सात. शेपूट कशी हलत असेल ते विचारा, मासा डावीकडे-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली, कारण त्याचा कणा पळणाऱ्या सस्तन प्राण्याचा आहे. आणि त्याच्या कमरेपाशी मांसात रुतलेली दोन छोटी हाडं असतात, कण्याला जोडलेलीसुद्धा नसतात, पाय गेले तरी कमरेच्या हाडाचा उरलेला अंश. सांगाड्यात ती मांडलेली असली तर शोधा.

आता डबी उघडा. देवमाशाचे जुने पूर्वज चार पायांचे होते, पाकिसेटस पाकिस्तानात मिळाला, ५ कोटी वर्षांच्या आसपासचा. त्यांच्या घोट्याची हाडं २००१ मध्ये जगासमोर आली आणि ती तुमच्या हातात आहे अगदी तशीच निघाली, दोन्ही टोकांना खाच. म्हणजे देवमासा बकरा-हरीण-पाणघोडा यांच्या कुळातला. डीएनएवाले तेच सांगत होते आणि हाडांनी पण तेच सांगितलं. यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे, जम्मू-काश्मीरमध्ये कालाकोटला मिळालेला मांजराएवढा इंडोह्युस, ज्याच्या कानाचं हाड देवमाशासारखं जाड होतं, आणि आपल्या कच्छमध्ये मिळालेला कच्छिसेटस. कच्छ तेव्हा उथळ समुद्र होता. सांगाड्यासमोर उभं राहून हे सांगितलं की पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात, खरंच.

बाहेर पडून विश्वामित्रीच्या पुलावर जा, थंडीत उन्हं खायला मगरी काठावर येतात, लांबूनच बघा, खाली उतरायचं नाही. प्रश्न विचारा, मगरीचं जवळचं नातं कोणाशी, पालीशी की कबुतराशी? सगळे पाल म्हणतात. उत्तर कबुतर. कुलवृत्तांतात वर गेलात तर मगर आणि पक्ष्यांची बोटं आधी एकत्र येतात, पाल बरीच वरून मिळते. दोघांच्या मध्ये असलेले बाकीचे सगळे, म्हणजे डायनासोर, आता नाहीत म्हणून आपल्याला हे नातं विचित्र वाटतं. रूपावरून नातं ठरवायचं नाही, पूर्वजावरून ठरवायचं.

एखाद्या सुट्टीला बालासिनोरजवळच्या रैयोलीला जाच. १९८० च्या दशकात तिथे डायनासोरची हाडं आणि अंडी मोठ्या प्रमाणात मिळाली, तिथल्या हाडांवरून २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिलं गेलं, डोक्यावर छोटं शिंग असलेला मांसाहारी. गुजरातमध्येच ढोली डुंगरीला धनंजय मोहबे यांना एक घरटं मिळालं होतं ज्यात डायनासोरच्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला साप तसाच दगड झालाय, साडेतीन मीटरचा, सनाजेह इंडिकस, आणि शेजारी नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू. आणि पावागड चढताना पोरांना सांगा की हा डोंगर दख्खनच्या ज्वालामुखीतून बाहेर आलेल्या लाव्हाचा आहे, साधारण त्याच ६.६ कोटीच्या सुमाराचा, सुतळीवरची ती चिठ्ठी आठवा. मेक्सिकोला उल्का पडली आणि इकडे लाव्हा वाहत होता, विनाशात कोणाचा वाटा किती यावर अभ्यासक अजून वाद घालतायत, पण उल्केचा घाव मोठा होता हे बहुतेक जण मानतात.

आता आपल्या शाखेकडे. सुरतेकडे वस्तान म्हणून लिग्नाइटची, म्हणजे तपकिरी कोळशाची खाण आहे, तिथे साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचे प्रायमेट सापडलेत, म्हणजे माकड, लेमूर आणि आपण ज्या गटात येतो त्यातले भारतातले सगळ्यात जुने, मुठीत मावतील एवढे जीव. शहरात फिरणारी वानरं दाखवा, समोर बघणारे डोळे, पकडणारा अंगठा, नखं, हे सगळं आपल्यातही आहे. शेपूट मात्र नाही, ती चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान कोणालाच नाही, आपल्या सामाईक पूर्वजातच ती गेली. स्वतःच्या कण्याच्या शेवटी बोट लावून बघा, माकडहाड आहे तिथे, तेच.

शरीरावर करायचे अजून दोन प्रयोग. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट जरा आत वाकवा, मनगटाच्या मधोमध स्नायूची एक दोरी वर येते, काही जणांना येतच नाही, पूर्वजांकडून उरलेला तो स्नायूच नसतो आणि त्यांचं काही अडत नाही. दुसरं, कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. जबड्याचा सांधा कानाला एवढा चिकटून का? कारण आपल्या कानातली हातोडी आणि ऐरण ही दोन हाडं आपल्या पूर्वजांत जबड्याच्या सांध्याची हाडं होती, पालीत अजूनही ती तिथेच काम करतायत. जीवाश्मांमध्ये ती पायरीपायरीनं लहान होत कानाकडे सरकताना दिसतात, आणि पोटातल्या गर्भातही ती जबड्याजवळच तयार होतात. मला हाडांमधला सगळ्यात सुंदर पुरावा हाच वाटतो.

मोठ्या पोरांना व्हिटॅमिन सी चं सांगा. बकरा स्वतःच्या शरीरात व्हिटॅमिन सी बनवतो, आपल्याला लिंबू-आवळा खावा लागतो. आपल्यात ते बनवायचं जनुक आहे पण बिघडलेलं, आणि ते चिंपांझीतही बिघडलेलं आहे, माकडांतही. कुलवृत्तांताच्या दोन प्रतींत एकाच पानावर एकच चूक असेल तर दोन्ही एकाच जुन्या प्रतीवरून उतरवल्या असं आपण म्हणतो, हे तसंच. शिवाय चिंपांझीला गुणसूत्रांच्या २४ जोड्या आणि आपल्याला २३, कारण आपल्यात दोन जोडली जाऊन एक झालं, दोन नंबरचं, आणि जोड कुठे आहे तेसुद्धा दिसतं.

माणसाच्या गोष्टीत क्रम पक्का करा, आधी चालणं, मग मेंदू. बहुतेकांना उलटं वाटतं. टांझानियात लाएटोलीला ज्वालामुखीच्या राखेत ३६ लाख वर्षांपूर्वीचे दोन पायांवर चालणाऱ्यांचे ठसे आहेत. १९७४ ला इथिओपियात डोनाल्ड जोहान्सन यांना मिळालेली लूसी, ३२ लाख वर्षं, कंबर आणि गुडघा चालणाऱ्याचे पण मेंदू साधारण चिंपांझीएवढा. मेंदू खरा वाढला तो होमो वंशात, गेल्या २० लाख वर्षांत. त्याच वंशातला होमो इरेक्टस आफ्रिकेतून बाहेर पडला, जावापर्यंत गेला. आपली जात आफ्रिकेतलीच, मोरोक्कोत जेबेल इरहूदला ३ लाख वर्षांपूर्वीची हाडं आहेत. आणि आपण एकटे नव्हतो, माणसाच्या दुसऱ्या शाखाही होत्या, निअँडरथल होते, डेनिसोव्हन होते, आफ्रिकेबाहेरच्या लोकांत, म्हणजे आपल्यातही, सुमारे २ टक्के डीएनए निअँडरथलकडून आलाय. हे ज्यांनी जुन्या हाडांतून डीएनए काढून दाखवलं त्या स्वांते पेबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं.

चांदोदला नर्मदेवर जाता ना, त्याच नर्मदेच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात हथनोराला, डिसेंबर १९८२ मध्ये जीएसआयच्या (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) अरुण सोनकिया यांना प्राचीन माणसाच्या कवटीचा भाग मिळाला. तो नक्की कुठल्या जातीत घालायचा यावर एकमत नाहीये, आणि पोरांना ते तसंच सांगा. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत मिळालेल्या रामापिथेकस या जुन्या एपला एके काळी माणसाचा पूर्वज म्हणायचे, नंतर जास्त हाडं मिळाल्यावर तो ओरांगउटानच्या बाजूचा निघाला आणि पुस्तकं बदलली. "शास्त्रज्ञांनाच माहीत नाही" असं कोणी म्हणालं तर हेच उदाहरण द्या, एक फांदी इकडची तिकडे झाली, झाड तेच राहिलं.

घरातली मोठी माणसं मध्येच "हे देवाधर्माच्या विरोधात आहे" म्हणतील, तेव्हा पोरांसमोर वाद घालू नका, त्यांनाही म्युझियमला घेऊन चला आणि त्या पराची हाडं मोजायला लावा. मोजणी आजीनं केली तरी तेवढीच येते. वयाचं म्हणाल तर पाच-सहा वर्षांच्या पोरांना फक्त विंग, देवमासा आणि मगर, सुतळी आठ-नऊ नंतर, जनुकं बारा-तेरा नंतर. सगळं एका दिवसात उरकू नका. म्युझियम सोमवारी बंद असायची शक्यता असते, निघायच्या आधी बघून घ्या, आणि वही-पेन्सिल न्या, फोटोपेक्षा हाड स्वतः काढलं की ते कुठे जोडलंय हे जास्त लक्षात राहतं.